कस्टम व्हिंटेज बाईकचं गॅरेज टाकायचंय? आधी गाडी नाही, हिशोब उघडा



गॅरेज व्यवसायाचा विषय काढला की आपल्या अंबरनाथ-बदलापूरच्या मुलांकडून एक प्रश्न हमखास येतो. "सर, सर्व्हिसिंगच्या गॅरेजमध्ये आता मजा राहिली नाही. जुन्या येझदी, राजदूत, आरएक्स नव्यासारख्या करून द्यायचा धंदा चालेल का?" चालेल. पण चालणार कुणाचा आणि बसणार कुणाचा, हे हात किती चांगला आहे यावर ठरत नाही. उत्तम मेकॅनिक या धंद्यात कर्जबाजारी होऊ शकतो, आणि बेताचा मेकॅनिक नीट कमवू शकतो. का, ते आज सविस्तर बघू.

आधी माल ओळखा. आपल्या भागात रिस्टोअर करायला कुठल्या गाड्या येतात? पहिली जावा आणि येझदी. मुंबईच्या रुस्तम इराणींनी म्हैसूरला आयडियल जावा कंपनी काढली, १९६१ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडायला लागल्या. सत्तरच्या दशकात जावाचं नाव येझदी झालं आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. दुसरी राजदूत १७५. एस्कॉर्ट्स कंपनीची, मूळ पोलंडच्या डिझाइनवरची. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून पहाटे धडधडत येणारी गवळ्याची गाडी म्हणून आपण तिला ओळखतो. मग १९८३ची राजदूत ३५०, म्हणजे आरडी. नवी होती तेव्हा पेट्रोल पिते म्हणून लोक घ्यायचे नाहीत, आज तिच्यासाठी वेडे झालेत. १९८५ ते १९९६ पर्यंतची यामाहा आरएक्स १००. आणि अर्थात बुलेट, जुनी, उजव्या पायात गिअर असलेली.

आता यातली गंमत बघा. येझदीचा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली, पण गाडी घरातून गेली नाही. वडिलांची म्हणून ठेवली, जिन्याखाली, ताडपत्री टाकून. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी हे ब्रँड नव्याने बाजारात आले, तेव्हा लोकांना आपल्या जिन्याखालच्या गाडीची पुन्हा आठवण झाली. तुमचा ग्राहक हा आहे. त्याला कामावर जायला गाडी नकोय, त्याच्याकडे ती आहे. त्याला वडिलांचा आवाज परत ऐकायचाय. असा ग्राहक घासाघीस कमी करतो, पण वाट अजिबात बघत नाही आणि एकदा रुसला की दहा जणांना सांगतो.

आपला भाग या कामाला का बरा आहे

रिस्टोरेशन म्हणजे एका माणसाचं काम नाही. इंजिन एकाचं, लेथ दुसऱ्याचं, प्लेटिंग तिसऱ्याचं, सीट चौथ्याचं. हे चारही जण जिथे दहा-बारा किलोमीटरमध्ये मिळतात तिथे हा धंदा परवडतो. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं, आणि तेव्हापासून कॅम्प एक ते पाचमध्ये काय बनत नाही ते विचारा. फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत सोफा शिवणारा कारागीर असतो. त्याला येझदीची जुनी सीट दाखवा, फोम कापून, रेक्झिन ताणून, पायपिन टाकून तो जी सीट देईल ती तयार मिळणाऱ्या सीटपेक्षा चांगली बसते. एकच अट आहे, जुनं कव्हर फेकू नका. त्याला शिलाई कुठून कुठे गेली ते बघू द्या.

अंबरनाथला एमआयडीसी. आनंदनगर आणि मोरिवली बाजूला छोटे जॉबवर्कवाले आहेत: टर्निंग, मिलिंग, पावडर कोटिंग. बदलापूरला मानकिवलीची एमआयडीसी. मोठ्या कंपन्यांच्या ऑर्डरच्या मध्ये तुमचे दोन बुश आणि एक स्पिंडल करून द्यायला त्यांना वेळ असतो, पण तुम्ही ड्रॉइंग घेऊन जा. "असाच करून दे" म्हणून झिजलेला पार्ट हातात दिलात तर झिजलेल्या मापाचाच नवा पार्ट मिळेल! व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही या धंद्यातली पहिली खरेदी. हायड्रॉलिक रॅम्प नंतर.

स्पेअर पार्टसाठी ऑपेरा हाउसचा बाजार लोकलने गाठता येतो, पुण्याची नाना पेठ एका दिवसात होते, आणि दिल्लीच्या करोल बागेतून कुरिअर येतं. पण जुन्या गाडीचा "ओरिजिनल" पार्ट म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंचसं नक्कल असतं. नक्कल वाईटच असते असं नाही. केबल, रबर, लेन्स चालून जातात. पिस्टन, कनेक्टिंग रॉडचा किट आणि बेअरिंग यात मात्र स्वस्ताई केलीत तर इंजिन दुसऱ्यांदा तुमच्याच खर्चाने उघडावं लागेल.

तीन वेगळी कामं, तीन वेगळे धंदे

लोक सरसकट "मॉडिफिकेशन" म्हणतात. तुम्ही तसं म्हणू नका. रिस्टोअर करणं म्हणजे कंपनीतून निघाली तशी परत करणं. अपग्रेड म्हणजे रूप तेच ठेवून ती रोज चालेल अशी करणं: सहा व्होल्टचं वायरिंग बारा व्होल्टवर नेणं, पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, चांगला हेडलॅम्प, नवे टायर. आणि कस्टम म्हणजे फ्रेम कापणं, टाकी बदलणं, पुढचा फोर्क लांब करणं, कॅफे रेसर किंवा बॉबर बनवणं.

इन्स्टाग्रामवर तिसरं काम दिसतं, म्हणून सगळ्यांना तिसरंच करायचं असतं. कायदा काय म्हणतो ते ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीवर नोंदलेला आणि कंपनीने ठरवलेला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. गाडी पकडली जाईल ग्राहकाची, आणि तो फोन करेल तुम्हाला.

मुंबईत कस्टम बाईकचा धंदा उभाच राहिला नाही असं मी म्हणत नाही. अक्षय वर्दे यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. विमान कंपनीतली केबिन क्रूची नोकरी सोडून त्यांनी "वर्देंची" हा ब्रँड उभा केला. आपलं मराठी आडनाव मराठी प्रत्ययासकट टाकीवर लिहून विकलं, मला ते फार आवडतं. पण ते काम डिझायनरचं आहे, त्याला भांडवल, नाव आणि मोठे ग्राहक लागतात. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या गाळ्यात ग्राइंडर घेऊन येझदीची फ्रेम कापणं ही त्याची छोटी आवृत्ती नाही. तो वेगळाच प्रकार आहे.

आणि "कस्टम व्हिंटेज" हा शब्दच कागदावर बसत नाही, हे किती जणांना माहीत आहे? जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी, इंजिन यात मोठा फेरफार न केलेली, ती व्हिंटेज. नंबरमध्ये "व्हीए" अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, ती दहा वर्षं चालते, पुढच्या नोंदणीला ५,०००. अशी गाडी रोजच्या कामाला किंवा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. म्हणजे साठच्या दशकातली जावा यात बसते, १९८५ची आरएक्स १०० अजून बसत नाही, आणि फ्रेम कापलेली जावा कधीच बसणार नाही. ज्या दिवशी तुम्ही कटर लावला त्या दिवशी ग्राहकाच्या गाडीची ही किंमत गेली. हे त्याला काम घेण्याआधी सांगा, लेखी सांगा.

म्हणून माझं मत सरळ आहे. पहिली दोन वर्षं रिस्टोअर आणि अपग्रेड एवढंच करा. त्यातही अपग्रेड असं करा की काढून मूळ भाग परत बसवता येईल. काढलेला प्रत्येक पार्ट पिशवीत, नाव लिहून, ग्राहकाला परत.

कागद आधी, पाना नंतर

गाडी टेम्पोतून उतरवायच्या आधी आरसी मागा. इथेच निम्मी प्रकरणं अडकतात. वडील वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर. मग वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमती. नोंदणीची पंधरा वर्षं कधीच संपलेली, तिचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी करायचं असतं आणि त्यावर पर्यावरण कर. जुना तीन अक्षरी नंबर असेल, एमएच सिरीजच्या आधीचा, तर ती नोंद संगणकावर चढलेलीच नसते. मग आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. आपल्या तिन्ही गावांची एमएच-०५, म्हणजे कल्याण आरटीओ. पण गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नोंदलेली असेल तर तिथली एनओसी.

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः जुळवून बघा, पेन्सिलने कागदावर छाप घ्या, फोटो काढा. नंबर खरवडलेला किंवा पुन्हा पंच केलेला दिसला तर गाडी आत घेऊ नका. मित्र असला तरी, डबल पैसे देत असला तरी. ती चोरीची निघाली तर तुमच्या गाळ्यात सापडलेली असते.

स्वतः जुनी गाडी विकत घेऊन, नीट करून विकायचा विचार असेल तर आणखी एक गोष्ट. एप्रिल २०२३ पासून नोंदणीकृत वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. फॉर्म २९-३० वर सह्या घेऊन गाडी सहा महिने तशीच उभी ठेवायची, हा जुना खेळ आता अंगाशी येतो.

आता मूळ मुद्दा: भाव कसा सांगायचा

बहुतेक जण गाडीकडे बघतात, मान हलवतात आणि म्हणतात, "नव्वद हजारात नवी करून देतो." तिथेच धंदा बुडतो. आपण एक हिशोब मांडू. आकडे समजण्यासाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा गाळ्याचं भाडं १२,०००, हेल्परचा पगार १५,०००, लाइट आणि कॉम्प्रेसर २,०००, किरकोळ ६,०००, आणि तुमचा स्वतःचा पगार २५,०००. हो, तुमचा पगार. तो न धरता केलेला धंदा म्हणजे घरच्यांनी तुम्हाला दिलेलं अनुदान! महिन्याचे झाले ६०,०००. दिवस २५, तास ८, म्हणजे २०० तास. पण त्यातले पार्ट शोधणं, आरटीओ, प्लेटिंगवाल्याकडे खेपा, ग्राहकाचे फोन यात किती जातात? पानं हातात धरून काम झालेले १२० तास राहिले तर नशीब. म्हणजे तुमचा तास पडला ५०० रुपयांना.

आता एक येझदी. पूर्ण उघडून रंगासकट करायला समजा १२० तास. मजुरी ६०,०००. पार्ट ४५,०००. बाहेरची कामं, म्हणजे ब्लॉक बोरिंग, क्रँक, प्लेटिंग, रंग, सीट, ३०,०००. बेरीज १,३५,०००. त्यावर न दिसलेल्या कामासाठी दहा टक्के धरले तर जवळपास दीड लाख. आणि तुम्ही सांगितलेत नव्वद. गाडी सुंदर झाली, फोटोला हजार लाइक आले, आणि तुमच्या खिशातून किमान ४५,००० गेले. अशा चार गाड्या केल्या की बायकोचे दागिने बँकेत जातात.

मग करायचं काय? भाव सांगूच नका. आधी उघडण्याची फी घ्या. डॉक्टर तपासल्याशिवाय ऑपरेशनचा खर्च सांगतो का? ठरावीक फी घेऊन इंजिन उघडा, फ्रेमचं अलाइनमेंट बघा, टाकीच्या आत टॉर्च मारा, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढा. पिस्टनचा साइज कितवा आहे, ब्लॉकला अजून बोरिंगला जागा आहे की स्लीव्ह लागेल, क्रँकच्या बिग एंडला किती खेळ आहे, क्रँककेसचे सील गेलेत का. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसला हवा लागली की कार्ब्युरेटर कितीही सेट करा, गाडी नीट चालणार नाही. हा सगळा रिपोर्ट दोन पानांवर लिहून द्या आणि खाली तीन रकाने: करावंच लागेल, केलं तर बरं, हौस. ग्राहक हौसेच्या रकान्यातून स्वतःच कमी करतो, तुम्हाला भाव पाडावा लागत नाही. आणि त्याने काम नाही दिलं तरी तुमच्या दोन दिवसांचे पैसे मिळालेले असतात.

पैसे टप्प्यांत. पार्टचे पूर्ण आगाऊ, कारण ग्राहकाच्या गाडीत तुमचं भांडवल अडकायला नको. मजुरीचा पहिला हप्ता काम सुरू करताना, दुसरा इंजिन चालू झालं त्या दिवशी. ग्राहकाला बोलवा, किक त्यालाच मारू द्या, त्या दिवशी कुणी हप्त्याला नाही म्हणत नाही. शेवटचा डिलिव्हरीआधी.

अजून एक छुपा खर्च आहे, जागा. काम १२० तासांचं असलं तरी गाडी तुमच्याकडे तीन-चार महिने राहते. प्लेटिंग यायचंय, करोल बागेतून लिव्हर यायचाय, रंगवाला गावाला गेलाय. म्हणजे कुठल्याही दिवशी तुमच्या गाळ्यात चार गाड्या सुट्या पडलेल्या असणार. उभी गाडी भाडं खाते. तीनशे फुटांच्या गाळ्यात हे होत नाही. म्हणून स्टेशनजवळ रस्त्यावरचा महागडा गाळा शोधू नका. या धंद्याला वॉक-इन ग्राहक लागत नाही, तो फोन करून लांबून येतो. वडवली, मानकिवली, चिखलोलीकडे आत मोठी जागा बघा, पाणी न भरणारी. बदलापूरला उल्हास नदीने २००५ आणि २०१९ला काय केलं ते आठवा. ग्राहकाची गाडी पुरात बुडाली तर "निसर्ग" म्हणून सुटका होत नाही. गॅरेजचा विमा घ्या, त्यात ग्राहकांच्या ताब्यातल्या गाड्या धरल्यात का ते विचारून घ्या.

उद्यम नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. नुसती सेवा देत असाल तर जीएसटीची मर्यादा २० लाखांची. सुरुवातीचं भांडवल मुद्रात मिळू शकतं: शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर पाच लाखांपर्यंत. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, त्यावर आपण वेगळं बोलू. आणि जुनं ऑइल, थिनर, टाकीचा गंज काढलेलं ॲसिड गटारात सोडायचं नाही. उल्हासनगरात वालधुनीच्या प्रदूषणावरून जीन्स धुणारे कारखाने बंद झाले, हजारो हातांचं काम गेलं. प्लेटिंग तर स्वतः करायच्या भानगडीत पडूच नका, परवानगी असलेल्या युनिटकडूनच करून घ्या आणि बिल घ्या.

गाडी चालली पाहिजे

चकाचक दिसणारी पण न चालणारी गाडी म्हणजे तुमची सगळ्यात महागडी बदनामी. डिलिव्हरीआधी किमान दोनशे-अडीचशे किलोमीटर तुम्ही स्वतः चालवा, एका दिवसात नाही, पाच-सहा फेऱ्यांत. विमा आणि पीयूसी असल्याशिवाय अर्थातच नाही. मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीत कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतं, म्हणजे नीट बांधलेलं टू-स्ट्रोक पास होतं. नापास झालं तर ते तुमच्या कामाचं प्रगतिपुस्तक समजा.

बदलापूरचं नाव म्हणे इथे घोडे बदलायचे म्हणून पडलं. खरं-खोटं देव जाणे, पण टेस्ट राइडला यासारखं गाव नाही. पहिली फेरी काटई-बदलापूर रस्त्याला ट्रॅफिकमध्ये: इंजिन तापल्यावर आयडलिंग टिकतं का, क्लच चिकटतो का. दुसरी बदलापूर-वांगणी-नेरळ, सलग वेगाने, पण नवं बोरिंग असेल तर पहिले पाचशे किलोमीटर थ्रॉटल अर्ध्याच्या वर नाही. तिसरी बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडकडे, चढ-उतार आणि वळणं. फोर्क, स्पोक आणि ब्रेक तिथे खरं बोलतात. प्रत्येक फेरीनंतर स्पोक पुन्हा ताणा, नटबोल्ट पुन्हा आवळा, हेडचे बोल्ट थंड झाल्यावर बघा.

पेट्रोलचंही आता लक्ष ठेवावं लागतं. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल पाणी ओढतं, जुन्या टाकीला आतून गंज धरतो आणि जुने रबरी पाइप, कार्ब्युरेटरचे वॉशर फुगतात. म्हणून रिस्टोअर करतानाच सगळं रबर इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचं घाला आणि ग्राहकाला सांगा, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेव.

डिलिव्हरीच्या दिवशी अर्धा तास काढा. मुलगा पल्सरवर शिकलेला असतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या, हे त्याला माहीत असतं पण पायाला माहीत नसतं. येझदीला किक आणि गिअर एकाच लिव्हरवर, तो दांडा आत ढकलून वर कसा घ्यायचा ते करून दाखवा. राजदूतला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, आरएक्सला ऑइलची टाकी वेगळी. "टाकी फुल कर" एवढंच म्हणून ऑइल विसरला तर पिस्टन जाम होईल, आणि पंधरा दिवसांत गाडी तुमच्या दारात. हे सगळं एका कार्डावर छापा, मराठीत, आणि किल्लीला अडकवून द्या. खाली तुमचा नंबर.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवस असतो, ठिकठिकाणी मालक गाड्या घेऊन जमतात. तिथे स्टॉल लावू नका. तुमच्या पहिल्या ग्राहकाला त्याच्या गाडीवर जाऊ द्या, तुम्ही मागे बसा. टूलकिट, एक जादा स्पार्क प्लग आणि क्लच केबल सोबत घ्या. कुणाची तरी गाडी नक्की बंद पडते.